ओला टॉवेल

आता काय सांगू तुम्हाला, माझी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली आन् लग्न लटकलं, ते बी एका ओल्या टॉवेलापायी. हसू नका, चहा सांडंल.

उमरीत मी इंग्रजीचा क्लास घ्यायचो. 'कडक झापण्याचे पंचवीस इंग्रजी वाक्प्रचार' अशा नोट्स काढल्या. काय ते इंग्रज, बाप रे! आपण 'गाढवा' म्हणून मोकळे होतो. ते? माणसाला निखाऱ्यावरून ओढतात, अंगावर अख्खं पुस्तक फेकतात, आन् हे सगळं नुसतं बोलण्यात!

पण मोजले तर चोवीसच भरले. खालून झेरॉक्सवाले रहीमचाचा ओरडून राहिले, "सर, देते क्या? नै तो ताला मारतूं!"

समोर खिडकीत माझा टॉवेल वाळत होता. लिहून टाकलं, 'टू हँग द वेट टॉवेल: भर सभेत झापणे.' खाली उगम बी दिला: जुन्या लंडनात न्यायाधीश गुन्हेगाराच्या मानेवर ओला टॉवेल टाकायचे. हिवाळ्यात दोन.

पोरांना तेवढाच पाठ झाला!

वर्षभरानं लातूरच्या एका मोठ्या क्लासातून मुलाखतीचं बोलावणं आलं. रेणापूरचे मामा, म्हणजे माझे होणारे सासरे, म्हणलेच होते, "लातूरला लागा, लगेच सुपारी फोडू."

गेलो. मुलाखत पोरांसमोरच शिकवून द्यायची, म्हणून हॉलात शंभर पोरं बसवलेली. संचालक सरांनी त्यांच्या क्लासाच्या जाडजूड नोट्स उघडल्या. "हं, वेट टॉवेलचा उगम सांगा."

बघतो तर काय, माझाच पंचविसावा वाक्प्रचार! माझं लेकरू लातूरला पोचलं, ते बी स्पायरल बाइंडिंगात!

"सर, असला वाक्प्रचारच न्हाई. म्या बनवला."

"तुम्ही?"

"हाव. टॉवेल माझाच होता."

"अहो, आमच्या तीन बॅचा शिकून गेल्या! हिवाळ्यात दोन टाकायचे, इतकं बारीक कोण बनवंल?"

खरं सांगू? मला बी पटलं. टाकत असतील दोन.

"बेसिक कच्चं, वरून फेकाफेकी!" म्हणून सरांनी जे धरलं मला! धा मिनिटं. पोरं उदाहरण म्हणून वहीत उतरवून घेऊन राहिली.

बाहेर आलो तर मामांचा फोन. "काय झालं, पाव्हणं?"

"न्हाई जमलं, मामा. सरांनी लई..." पुढं शब्दच सुचंना. एवढ्या मोठ्या झापण्याला आपल्यात शब्द हाय का? निघून गेलं तोंडातून, "वेट टॉवेल लटकवला."

मामा हळूच बोलले,

"अरारारा! एक का दोन?"