वाटेत रिकामा केलेला डबा

हे मी आजवर कुणाला सांगितले नाही, असे म्हणणे पुरते खरे नाही. सांगितले, पण खोटे सांगितले. खरे सांगायची वेळ आली की मी आईच्या चकल्या-करंज्यांकडे वळत असे, आणि ऐकणारेही तेवढ्यावर खूश होत. ज्या दोघींना खरे ऐकायचा हक्क होता त्या आता राहिल्या नाहीत. म्हणून निदान लिहून ठेवतो.

नोकरीची पहिली पाच वर्षे मी तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात एका शाळेवर होतो. घर डहाणूला, मसोलीत. घरी आई आणि मी एवढेच. रोज जाऊन येणे शक्य नव्हते, तेव्हा सोमवार ते शनिवार पाड्यावरच्या एका घराच्या पडवीत राहत असे. घरातली कर्ती बाई आईच्याच वयाची. मी तिला मावशी म्हणे. थोडे भात, थोडी नागली, उरलेल्या दिवसांत मजुरी, असे तिचे चाले. ती तिच्या बोलीत बोले. मी इथे ते माझ्या मराठीत लिहितो आहे. जेवण माझे मीच स्टोव्हवर करत असे, कारण पाड्यावर शिजवलेले खायचे नाही अशी आईची अट होती. मावशीला मी सांगितले होते की माझे पोट नाजूक आहे. माझ्या भाकरीकडे बघून ती म्हणे, "गुरुजी, पोरांना नकाशे काढायला तुम्हीच शिकवता ना? मग ही गोल का होत नाही?"

आईचा फराळ आमच्या आळीत नावाजलेला होता. भाजणी भाजायला घेतली की वास रस्त्यापर्यंत जाई. पातळ पोह्यांच्या चिवड्यात खोबऱ्याचे काप ती बरोबर तांबूस करी, एकही करपत नसे. करंज्यांना कातणे लावायची नाही. बोटांनी मुरड घाली, आणि भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवी. शेजारच्या गुजराती बेन घुघरे आणि मठिया पाठवत. त्यांचे ताट आईने कधी रिकामे परत केले नाही. अगदी काही नसले तर त्यात चमचाभर साखर घाली.

पहिल्या दिवाळीची सुट्टी संपवून निघालो तेव्हा आईने पितळी डबा भरून दिला. खाली लाडू, मग करंज्या, वर चकल्या, आणि चिवड्याची वेगळी पुडी. "ज्यांच्याकडे राहतोस त्यांना दे," म्हणाली. मावशीने तो अंगणात उघडला, आजूबाजूच्या पोरांना वाटला आणि स्वतः एक करंजी हातात घेऊन बराच वेळ तिची मुरड पाहत बसली. ही कुठल्या यंत्रावर करतात, असे तिने विचारले. हाताने, म्हटल्यावर तिला खरे वाटेना.

त्या शनिवारी तिने डबा परत दिला, तो भरून. पावसाळ्यातल्या मोठ्या काकड्या तिने पिवळ्या होईपर्यंत आढ्याला टांगून ठेवल्या होत्या. त्या किसून, त्यात नव्या तांदळाचे पीठ आणि गूळ कालवून, रानातल्या वेलाच्या रुंद पानांत गुंडाळून तिने उकडले होते. आमच्याकडच्या पानगीचाच प्रकार. एक गरम गरम तिने माझ्या हातावर ठेवली आणि समोर उभी राहिली, त्यामुळे मला खावी लागली. पान सोडवले तर त्याच्या शिरा वडीवर उमटलेल्या होत्या. काकडीचा गार वास आणि आत गुळाचा ओलावा. मला ती फार आवडली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे केले ते चव आवडली नाही म्हणून केले, अशी पळवाट मला नको आहे.

"या बाकीच्या आईला," ती म्हणाली.

तलासरीच्या स्टँडमागे मी डबा उघडला आणि सगळ्या पानग्या एका गाईपुढे ओतल्या. नळावर डबा धुतला, रुमालाने पुसला. आई खाणार नाही, उलट मी खाल्ली म्हणून रडेल, असे मनाशी ठरवून टाकले. तिला विचारले मात्र नाही. आज वाटते, कदाचित तिने खाल्ली नसती, पण बाईने केले म्हणून हात तरी जोडले असते. बसमध्ये ओळखीचे दोघे शिक्षक होते. पानांचा वास येणारा डबा मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी बसायची मला लाज वाटली होती. खरे कारण तेच असावे.

आईने डबा हातात घेतला, झाकण काढून पाहिले. "रिकामाच दिला?"

मी म्हटले, गरीब माणसे आहेत आई, काय घालणार.

सोमवारी मावशीने विचारले, आवडल्या का. मी म्हटले, आईने दोन खाल्ल्या आणि शेजारीही दिल्या. ती लाजून हसली. म्हणाली, "म्हातारीला दात आहेत म्हणायचे."

एकदा बोललेले पुढे निभावावे लागते. चार वर्षे ते मी निभावले. दर दिवाळीनंतर आईचा डबा भरून जाई आणि भरून निघे, आणि तलासरीच्या स्टँडमागे रिकामा होई. मावशी काकड्यांचा एक वेल आता केवळ माझ्या आईसाठी राखत असे. इकडे आईचे फराळाचे प्रमाण कमी होत गेले. चौथ्या वर्षी करंज्या मोजून सहा होत्या. "घेतात, पण त्यांना रीत नाही," असे ती शेजारच्या बेनना सांगताना मी ऐकले, आणि पेपर वाचत राहिलो.

त्यानंतरच्या चैत्रात मावशी डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेला आली आणि विचारत विचारत आमच्या दारात पोचली. आईने तिला ओटीवर बसवले, वेगळ्या कपात चहा दिला. दोघी बऱ्या बोलल्या. मावशीने करंजीच्या मुरडीची चौकशी केली, आईने पदराचे टोक दुमडून ती कशी घालतात ते दाखवले. मी दारात उभा होतो. मग मावशी हौसेने म्हणाली, "बाई, यंदा पावसात काकड्यांचे दोन वेल लावीन. तुम्हाला आवडतात म्हणून जास्त करीन."

"कसल्या काकड्या?" आई म्हणाली.

"डब्यातल्या," मावशी म्हणाली. आईच्या मनात चार वर्षांचे साठले होते. ती शांतपणेच म्हणाली, "राग मानू नका, पण तुमच्याकडून डबा दर वर्षी रिकामाच येतो. कमी-जास्त असतं प्रत्येकाचं, मला समजतं. तरी एक गुळाचा खडा घालावा माणसाने."

मावशीने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मी आईला म्हणू शकलो असतो, की चूक हिची नाही. एवढेच वाक्य होते. मी चौकटीवरचा हातदेखील हलवला नाही.

मग तीच आईला म्हणाली, "खरंय बाई. माझ्या ध्यानातच राहत नाही. आम्हा लोकांना कुठली रीत."

कप तिने स्वतः विसळून पालथा घातला आणि गेली. आई दिवसभर हळहळत होती, की आपण उगीच बोललो, बाई किती साधी. पुढच्या दिवाळीला तिने डबा पूर्वीपेक्षा दाबून भरला. मावशीने तो पोरांना वाटला आणि शनिवारी राखेने घासून, लखलखीत करून माझ्या हातात दिला. आत काही नव्हते.

"न्या गुरुजी," म्हणाली. "आता वाटेत थांबायला नको."

इतर बाबतीत ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली, फक्त भाकरीवरून चिडवणे थांबले. वर्षअखेर माझी बदली चिखल्याला झाली. काही वर्षांनी आई गेली, मावशीला रीत नव्हती असेच समजून.

निवृत्तीच्या समारंभात मी भाषण केले. पाड्यावरची एक माउली मला दर दिवाळीला पानातली गोड वडी बांधून द्यायची, आम्ही मायलेक ती वाटून खायचो, त्या चवीपुढे सगळा फराळ फिका, असे बोललो. लोकांचे डोळे पाणावले. माझेही. एका वाक्यापुरते खोटे होते आणि चवीपुरते खरे होते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वाक्ये पाठ करून पाड्यावर गेलो. ती अंगणात बाजेवर बसली होती, दिसायला कमी झाले होते. मुलगा, सुना, शेजारी जमले. माझा एक जुना विद्यार्थी समारंभाला आला होता. त्याने माझे भाषण पाड्यावर सगळ्यांना सांगितले होते. मुलगा कौतुकाने म्हणाला, आमच्या आईचे नाव तुम्ही मोठ्या सभेत काढलेत. सगळे तिच्याकडे बघत होते. ती मान हलवत होती.

तिने माझा हात चाचपून धरला. "म्हणजे खाल्ल्या म्हणायच्या आईने," एवढे म्हणाली. विचारत होती, की मला वाचवत होती, मला कळले नाही. मी हो म्हटले.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. हल्ली आमच्याकडे फराळ खोक्यांतून येतो, आणि पिवळी काकडी बाजारात दिसली की मी पलीकडच्या बाजूने चालतो. पाठ केलेली वाक्ये मात्र अजून तशीच आहेत. मावशी, तुम्ही कधी विसरला नाहीत. माझ्या आईने तुमच्या हातचे एकदाही खाल्ले नाही, कारण मी ते तिच्यापर्यंत पोचू दिले नाही. तिने तुम्हाला बोल लावला तेव्हा मी तिथेच उभा होतो. मला माफ करा.