दाजींचा टाका

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, विट्याचे. जन्म गेला परमुलखात, गलाईच्या दुकानात सोनं वितळवण्यात. दुकान पोराच्या हवाली करून गावी आले आणि गोठ्यातली जनावरं विकून तिथं मोटार बांधायला बसले. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल मात्र लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भंगारातली व्हॅन, तिच्यावर जीपचा पत्रा, मागं ट्रॅक्टरचे दिवे. गावातली रिकामटेकडी मंडळी रोज चहा पिऊन ‘लय भारी’ म्हणून जायची, आणि दाजी तेवढ्यावर फुगायचे. सीट बसवल्यावर कळलं की पोट स्टेअरिंगला टेकतंय. पोट कमी करण्याचा उपाय त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. त्यांनी सीट मागं नेली. मग हात पुरेनात. म्हणून स्टेअरिंगचा दांडा कापला, मधे पाइपाचा तुकडा घातला आणि झाला लांब!

मी फौजेत ट्रकांच्या वर्कशॉपात नोकरी काढली. हा दांडा कापून जोडायचा नसतो, हे तिथं पहिल्या आठवड्यात शिकवतात. लांब हवा तर मोठ्या गाडीचा अखंड दांडा आणायचा. मधे क्रॉसचे दोन सांधे घ्यायचे, म्हणजे पुढून धडक बसली तर दांडा दुमडतो, छातीत घुसत नाही. आणि दांडा लांबला की त्याला मधे बेअरिंगचा आधार द्यायचा. पण फौजी मेहुण्याला विचारणं दाजींना कमीपणाचं वाटलं असणार.

खंडेनवमीला मी गेलो तेव्हा गाडीला झेंडूचा हार, पुढं नारळ. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अक्काला शेजारी बसवून घाटातून साताऱ्याकडं तिच्या माहेरी न्यायचा बेत होता. अक्का पूजेचं ताट घेऊन उभी होती. गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, त्याला नेहमीसारखी सेफ्टी पिन. मी वाकून स्टेअरिंगखाली डोकं घातलं. दांड्यावर लाल रंग, रंगाखाली खाचा बुजवायच्या लांबीचा गुळगुळीत थर.

“दाजी, ह्या लांबीखाली काय हाय?”

“टाका हाय की! वेल्डिंगवाला सोता म्हनला, टाका मारलाय, बसून बघा.”

मी कपाळावर हात मारला. वेल्डिंगवाल्याचा टाका म्हणजे शिंप्याचा कच्चा दोरा. माप बघण्यापुरता दोन ठिकाणी चिकटवायचा, पक्कं काम नंतर. पण सोन्यातला टाका म्हणजे कायमचा जोड, काम संपलं. दाजींनी लोखंडाच्या दुकानात सोन्याचा शब्द ऐकला आणि घरी येऊन त्याला रंग दिला.

“आवं, ह्यो कच्चा हाय. घाटात अक्का ह्यात बसणार हाय.”

“पाव्हणं, टाक्यातलं तुमी मला शिकवू नगा. माझ्या देखरेखीखाली केलेला टाका आजवर उघडलेला न्हाई.”

ज्या माणसानं आयुष्यभर फक्त वितळवलं, तो मला जोडायचं शिकवत होता. माझं डोकंच फिरलं. पुढचं चाक गोठ्याच्या दगडी उंबऱ्याला अडलेलं होतं. मी गाडीत बसलो आणि स्टेअरिंगला जोरात हिसका दिला. टक्कन आवाज झाला. लांबी फुटून पायावर पडली. स्टेअरिंग माझ्या हातात जात्यासारखं गरागरा फिरायला लागलं, चाक मात्र जागचं हललं नाही.

दारात जमलेली ‘लय भारी’ मंडळी चार पावलं मागं सरकली. मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. छे! पूजेच्या गाडीला हात लावल्याचा राग त्यांना आला, बायको वाचल्याचं काहीच वाटलं नाही.

“तोडलासा न्हवं? सणासुदीला अपशकुन केलासा. आपल्या नजरंखालचा टाका असा तुटत न्हाई. इचारा तुमच्या भनीला, तिचं मंगळसूत्र कारागिराच्या उरावर बसून म्या करून घेतलंय!”

अक्कानं ताट गाडीच्या पत्र्यावर ठेवलं. मंगळसूत्र पुढं ओढलं आणि त्याची सेफ्टी पिन काढली. सर सुटला, काळे मणी ओघळून कुंकवात पडले.

“कवाच उघडलाय त्यो,” ती म्हणाली. “पिनंवर धरलंय म्या.”