वस्ताद गाडी चालवत नसत

"वस्ताद, ती पोरगी रोज येऊन हुबी राहती. तिची गाडी कंची?"

"यायचीय अजून."

"कुठनं?"

"ते तिलाच ठरवायचंय. म्हणून तर हुबी हाय."

मी कॉम्प्रेसरच्या आड होते आणि फोनमध्ये बघत असल्याचं दाखवत होते. गिऱ्हाईक हसलं. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी त्याची गाडी स्टँडवरून काढली आणि इंजिन बंद ठेवूनच ती ढकलत गल्लीच्या टोकाकडे निघाले.

दुरुस्त झालेल्या गाडीवरून बाकीचे मेकॅनिक एक चक्कर मारून येतात. वस्ताद ती ढकलत नेत आणि ढकलतच परत आणत. एक हात हँडलवर, एक सीटवर, मान जराशी तिरकी. परत आल्यावर सांगत, "मागचं बेअरिंग बोलतंय," नाहीतर "चेन एका जागी घट्ट हाय." उघडून बघितलं की तसंच निघे. सोलापूरच्या मे महिन्यात, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, आणि हा साठीचा माणूस दुसऱ्याची गाडी घेऊन उन्हात पायी चाललेला. "बसा की वर, पेट्रोल माझं," असं कुणी म्हटलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "इंजिन चालू झालं की गाडी बढाया मारती. बंद असताना खरं बोलती." अक्कलकोट रोडवरच्या त्या एका शटरच्या गॅरेजची सगळी कीर्ती या ढकलण्यावर होती.

मला तिथे दादाने नेलं. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. कुंभारीच्या पुढे मुरुमाची एक बंद पडलेली खाण आहे. तो आणि त्याचे मित्र रविवारी सकाळी तिथे गाड्या उडवत. मी नुसती बघायला जायचे. एकदा दादाने गंमत म्हणून मला बसवलं आणि मी पहिल्या उंचवट्यावरून उडून सरळ खाली उतरले. नंतर वस्तादांनी एका जुन्या शंभर सीसीच्या गाडीचे दिवे, मडगार्ड, इंडिकेटर असं सगळं उतरवून मला एक हलकी गाडी करून दिली. हेल्मेट घातलं की कुणी बोलायची अपेक्षा करत नाही, हे मला फार आवडलं होतं. टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिते आणि मीटिंगमध्ये फक्त "ओके" म्हणते. तिथे जमत नव्हतं ते खाणीत न बोलता जमत होतं.

घरून परवानगी मिळाली ती एकाच गोष्टीवर. बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आमची पोरगी बोलत नाही, पण घाबरत पण नाही." आई मात्र त्या दिवसाची वाट बघत होती, ज्या दिवशी मी घाबरेन आणि हे सगळं थांबेल. ते तिने लपवलंही नव्हतं.

खरी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीत उडवायलाच बनवलेली गाडी घ्यायची असं ठरलं आणि माझी झोप आणि भूक दोन्ही बिघडली. अशा गाड्या पुण्याला एका शोरूममध्ये मिळतात. त्यांना नंबर प्लेट नसते, दिवा नसतो, रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे चालवून बघायला कुणी देत नाही. एकदा मातीत गेली की ती नवी उरत नाही. बघायची, बसायची, बुक करायची. दोन गाड्या होत्या, अडीचशे सीसीची आणि एकशे पंचवीसची. दादाचं म्हणणं, अडीचशेच घे, छोटी वर्षात पुरेनाशी होते. मी व्हिडिओ बघत सुटले. सकाळी एक ठरायचं, ऑफिसात पोचेपर्यंत दुसरं. टेबलाखाली डावा पाय आपोआप गिअर टाकायचा. शेजारची मुलगी म्हणाली, "टेबल हलतंय गं."

मी दोन्ही गाड्यांची माहिती छापून वस्तादांकडे नेली. त्यांनी कागद उलटसुलट बघितले, एकावर कार्ब्युरेटरचे स्क्रू ओळीने मांडले आणि म्हणाले, "जाड कागद हाय. चांगला हाय."

मला राग आला. पण दोन दिवसांनी गेले तर माझी जुनी गाडी विटांवर चढवलेली होती, दोन्ही चाकांखाली नीट रचून. त्या कागदावरचा अडीचशेच्या सीटच्या उंचीचा आकडा तेवढा त्यांनी घेतला होता. हँडलच्या दोन्ही मुठींवर त्यांनी खडूची पूड लावली. "बस," म्हणाले. मी बसले. माझ्या पायांची नुसती बोटं खाली टेकत होती. त्यांनी मागून सीट धरून गाडी एका अंगाला कलवली, मग दुसऱ्या.

"कसं वाटतंय?"

"ठीक आहे."

"उतर. हात दाव."

दोन्ही तळवे पांढरे झाले होते, अंगठ्याच्या मुळापर्यंत, इतक्या घट्ट मी मुठी धरल्या होत्या. मग त्यांनी विटा निम्म्या करून सीट छोट्या गाडीच्या उंचीवर आणली, मुठी पुसून पुन्हा पूड लावली आणि पुन्हा बसवलं. या वेळी फक्त बोटांची पेरं पांढरी झाली. त्यांनी माझे तळवे मलाच दाखवले आणि विचारलं, "भीती वाटती का बेटा?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि विटा उचलायला लागले.

त्यांच्या त्या "बरं"मुळे मी आठवडाभर अस्वस्थ होते. चिडून एकदा विचारलंच, "मग कोणती घेऊ, ते सरळ सांगा ना वस्ताद." म्हणाले, "मी सांगितली तर ती माजी गाडी हुईल. पडशील तू, आन् शिव्या मला." त्यांनी पुण्याला सोबत यायचं कबूल केलं होतं, एवढाच मला आधार होता. मनातून वाटत होतं, ते तिथे गाडी ढकलतील, मान तिरकी करतील आणि सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील. मग मला बोलावं लागणार नाही.

पुण्याला जायच्या आधीच्या गुरुवारी गॅरेजमध्ये गेले तर भिंतीवरचे पाने उतरवलेले होते. वस्ताद कायमचे कलबुर्गीला लेकीकडे चालले होते. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, जागाही मालकाला परत हवी होती. लेकीचा फोन आला आणि चार दिवसांत त्यांनी ठरवलं.  पोत्यात पाने भरता भरता ते बोलायला लागले.

"तुला एक सांगतो. मी पैले लई जोरात चालवायचो. पंचविशीत हैदराबाद रोडला पडलो." त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर बाहीचं बटण सोडलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली होती. "बरा झालो. पर गाडीवर बसलो की हात थरथर करायचे. मेकॅनिकला भीती वाटती म्हटलं तर कोण गाडी देईल? मग ढकलायला लागलो. लोकं म्हणाली, वस्तादला ढकलून कळतंय. मी म्हटलं, हौ, कळतंय. मग कळायला बी लागलं, खोटं न्हाय. पर सुरवात भीतीनं झाली. चाळीस वर्सं कुणाला बोललो न्हाय. घरात बी न्हाय."

मग बटण लावत म्हणाले, "लई चाललो बेटा मी. पाय दुखत्यात आता."

मी पोत्याचं तोंड धरलं, त्यांनी सुतळी बांधली. टेम्पो आला. नीट निरोपही घेता आला नाही. मी "फोन करते" म्हणाले, आणि मी फोन करणाऱ्यांतली नाही हे त्यांना माहीत होतं.

शनिवारी बाबा, दादा आणि मी पुण्याला गेलो. शोरूममध्ये एसी जोरात होता आणि तरी माझी मान भिजली होती. अडीचशेची गाडी मधोमध उभी होती. मी तिच्यावर बसले. सेल्समनने मागून धरली होती. माझ्या पायांची बोटं कशीबशी फरशीला लागली आणि मुठी मी नकळत करकचून धरल्या. सेल्समन दादाशी बोलत होता, सस्पेन्शनबद्दल. दादा बाबांशी बोलत होता. एकशे पंचवीसची कोपऱ्यात होती. "ती शाळकरी मुलं घेतात," सेल्समन म्हणाला. बाबा खूश होते. त्यांनी त्यालाही सांगितलं, "आमची पोरगी कशाला घाबरत नाही."

फॉर्म आला. बाबांनी खिशातून पेन काढलं. दादाने मला विचारलं, "बोल, लाल का हिरवी?" मला विचारलेला तो तिथला पहिलाच प्रश्न होता. पुढे घरी काय होईल, आई काय म्हणेल, बाबांचा चेहरा कसा होईल, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम फिरलं. मी गाडीवरून उतरले. तळवे ओढणीला पुसले. आवाज लहान आला, म्हणून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले,

"बाबा, मला या गाडीची भीती वाटते. मी ती कोपऱ्यातली घेणार."