फेटा आला तर पदकं जात

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळा सुटली, आधी ट्रॅक्टर धरला, मग ट्रक. उभं आयुष्य कारखान्याला ऊस ओढण्यात गेलं. कुणाचा हुकूम ऐकायची सवय अंगाला लागली नाही, कारण स्टेअरिंग माझ्या हातात असायचं. ही सवय म्हातारपणी लावून घ्यावी लागली आणि ती नीट लागली नाही.

बायको गेल्यावर उंब्रजजवळच्या आमच्या गावी मी एकटाच राहत होतो. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलानं सांगलीला आणलं, विश्रामबागला, त्याच्या फ्लॅटवर. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑपरेशननंतर जो वर चढलो, तो तपासणी सोडली तर खाली उतरलोच नाही. मुलगा कामावर जाताना सांगून जायचा, "आबा, एकटं जिन्याला पाय लावायचा नाही." सून दाराला आतून वरची कडी घालायची. त्या कडीला माझा हात पुरत होता, पण ती मी काढली असती तर तिला बोलणं बसलं असतं. म्हणून काढत नव्हतो.

उरली गॅलरी. समोरच्या इमारतीच्या टाकीवर रोज सकाळी एक घार येऊन बसायची. मान वळवून अशी बघायची, जणू खालचा सगळा गाव तिच्या नावावर आहे. मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. बघतो तर टाकी दिसते आणि टाकीवर माशी बसल्यासारखं काहीतरी. तेव्हाच ठरवलं की खरा कॅमेरा घ्यायचा.

पुढच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यातून परत येताना मुलाला गाडी थांबवायला लावली. दुकानदार चष्म्यातला, शांत माणूस. त्यानं कॅमेरा काढला आणि त्याच्यासोबत एक आखूड लेन्स ठेवला.

"आजोबा, हा याच्याबरोबरच येतो. घरात, माणसांना, सगळ्याला चालतो. यावर हात बसू द्या, मग मोठ्याचं बघू."

"ही चहाची वाटी मला नको. तो वरच्या फळीवरचा द्या."

वरच्या फळीवर हातभर लांबीचा लेन्स होता. त्यानं दोन्ही हातांनी खाली उतरवला. "हा पाखरांचा आहे. दोन किलो वजन आहे. जवळचं याला दिसत नाही, बरं का. आठ-नऊ फुटांच्या आत फोकसच धरत नाही."

"मी भरलेला ट्रक घाटात मागं घेतलाय. दोन किलोचं काय सांगता."

"अहो, पण घरातले फोटो?"

"घर मला चोवीस तास दिसतंय. त्याचा फोटो कशाला काढू?"

मुलगा मागून म्हणाला, "आबा, लहान पण राहू द्या ना." तो म्हणाला म्हणूनच मी वाटी परत करायला लावली. नुसती बॉडी आणि तो मोठा लेन्स घेतला, माझ्या फंडाच्या पैशातून.

शिकलो मात्र मी माझा मी. कॅमेऱ्याच्या चाकावर सगळी इंग्रजी अक्षरं. एकेक फिरवत गेलो, आणि ज्यावर घारीचे पंख हललेले न दिसता स्वच्छ आले, तिथं सुनेकडून नेलपॉलिश मागून लाल ठिपका दिला. हात थरथरतो, तर कापडी पिशवीत ज्वारी भरून कठड्यावर ठेवली आणि तिच्यावर लेन्स टेकवला. ज्वारी लेन्सच्या अंगाला बसते, हलू देत नाही. सूर्य डाव्या अंगाला असेतोवर पिसं मोजता येतात, नऊ वाजले की सगळं पांढरं पडतं, हेही कुणी सांगितलं नाही. महिनाभरात घारीच्या डोळ्यातला तपकिरी रंग मला ओळखीचा झाला.

मग एका रविवारी समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ दारात आला. माझ्याशी बोललाच नाही, मुलाशी बोलला. "तुमचे वडील आमच्या गच्चीकडं दुर्बीण लावून बसतात. बायका कपडे वाळत घालत असतात तिथं." मी आतून ऐकत होतो. उठून जाऊन त्याला घारीचे फोटो दाखवावेत, असं एकदा मनात आलं. पण माझ्या चारित्र्याचा पुरावा मी घारीकडून द्यायचा? मी उठलो नाही.

मुलगा म्हणाला, "आबा, आता कॅमेरा गॅलरीत न्यायचा नाही."

"मग कुठं नेऊ? मोरीत?"

"कुठंच नेऊ नका काही दिवस."

कॅमेरा कपाटात गेला. गॅलरीत बसायचं तर मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. मुलाला वाटायचं मी रुसलोय. रुसलो नव्हतो. समोर बघायचंच कुठं, हा प्रश्न होता.

असे दोन महिने गेले असतील, तेव्हा थोरला भाऊ आला. आला म्हणजे आणला. दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. मिशा अजून तशाच, वर वळवलेल्या. छाती मात्र पार कामातून गेली होती. मिरजेला दाखवलं, डॉक्टर म्हणाले घरी न्या. गावाकडं ऑक्सिजनच्या यंत्राची सोय होईपर्यंत तीन दिवस आमच्याकडं ठेवायचं ठरलं. खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवला आणि माझ्या खोलीत माझ्याच पलंगावर निजवला. एका बाजूला भिंतीतलं कपाट, दुसऱ्या बाजूला भाड्यानं आणलेलं तसलंच घुरघुरणारं यंत्र. नाकातली नळी जेवढी लांब, तेवढंच दादाचं राज्य.

पहिल्याच दुपारी त्यानं मला जवळ बोलावलं. "तुज्याकडं लय मोठा क्यामेरा हाय म्हणत्यात."

"हाय."

"मग माजा एक फोटू काढ. भिंतीवरचा."

भिंतीवरचा म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला फोडून सांगावं लागत नाही. माणूस गेल्यावर घराच्या पुढच्या सोप्यात हार घालून लावतात तो. बायका असं बोलू देत नाहीत, अभद्र म्हणतात. पण दादाच्या बोलण्यामागं कारण होतं. आमच्या वडिलांचा एकही फोटो नव्हता. ते गेल्यावर कराडच्या पेंटरनं दादाला समोर बसवून, त्याच्याच तोंडाला सुरकुत्या आणि पांढऱ्या मिशा लावून वडील काढले. पन्नास वर्षं आम्ही त्या चित्राच्या पाया पडतो, आणि ते वडील नाहीत, दादा आहे. आता तर त्याहून सोपं झालंय. आधार कार्डावरचं तोंड कापून कॉम्प्युटरवर खाली कोट चिकटवतात.

"आपल्या त्या पाटलाला बगितलास का फ्लेक्सवर?" दादा धापा टाकत म्हणाला. "जल्मात धोतर सोडलं न्हाई गड्यानं, अन् निळा टाय घातला त्येला. मला टाय नको रं. फेटा आन् पदकं. माजीच. पिशवीत आणल्यात."

"काढतो की. त्यात काय."

"मोबाइलवर न्हाई. तू, तुज्या क्यामेऱ्यानं."

पुतण्या परवा सकाळी गाडी घेऊन येणार होता. माझ्याकडं दोन दिवस होते आणि ते मला भरपूर वाटले.

दुसऱ्या दिवशी दादाला फेटा-पदकं चढवून उशा लावून बसवला. कॅमेरा काढला, ठिपक्यावर चाक लावलं आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बटण अर्धं दाबलं. लेन्स आतल्या आत पुढं-मागं करायला लागला, घर्र घर्र. धुकं. पूर्ण दाबलं तरी क्लिक नाही. खोली दहा फुटांची. त्यात पलंग, पलंगावर दादा, इकडं मी, आणि मधी माझाच हातभर लेन्स. आठ-नऊ फूट शिल्लकच राहत नव्हते. दुकानदार जे बोलला ते शब्दाला शब्द आठवलं. पण तोंडानं म्हटलं, "दादा, उजेड कमी हाय."

मग मी कोपऱ्यात घुसलो, दारामागं, तिरका. तिथं एकदाचं फोकस बसलं. बघतो तर चौकटीत एक डोळा, नाक आणि दोन्ही मिशा. कॅमेरा उभा धरला. फेटा आला तर पदकं जात, पदकं आली तर फेटा जाई. दार उघडून हॉलमध्ये मागं सरलो, तर तिथून नुसते पाय दिसत. पलंग सरकवावा तर यंत्राची वायर ताणली जाई. मी खुब्याची काठी बाजूला टाकून खाटेच्या पायाशी गुडघ्यावर बसून बघितलं, खुर्चीवर चढायला निघालो तेव्हा सुनेनं धरलं.

दादा सगळं बघत होता. "किती काढलंस?"

"धा-बारा."

"दाव."

दाखवले. त्यानं एकेक बघितला. "ह्यो फेटा. ही मिशी. ही पदकं. मला तुकड्या-तुकड्यानं लावणार व्हय सोप्यात?" हसायला गेला आणि त्याला खोकला आला. तो थांबायला लय वेळ लागला. यंत्राचा आकडा सुनेनं वाढवला.

बाहेर आल्यावर सून हळू आवाजात म्हणाली, "आबा, तो लहान लेन्स मागवू का? दुकानात फोन करते." म्हणजे तिला सगळं कळलं होतं. तिनं फोन लावला. तो सुटा लेन्स केव्हाच विकला गेला होता. दुसरा मागवायला आठ दिवस. "तुमचे सासरे ना ते?" एवढं तिकडून विचारलेलं मला ऐकू आलं. पुढं तो काय बोलला ते तिनं सांगितलं नाही.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. वाटी परत दिली तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं. लेन्सचा त्यात काही संबंध नव्हता. मुलगा सांगतोय म्हणून नको, एवढंच. आणि आता दादा टाय घालून भिंतीवर जाणार होता, माझ्यामुळं.

संध्याकाळी उजेड होता तोवर दादानं हाक मारली. "सूनबाईला बोलीव. तिचा मोबाइल घ्याला सांग."

"तूच म्हनला व्हतास मोबाइल न्हाई म्हणून."

"म्हनलं व्हतं. आता ह्ये म्हणतोय." मग फौजेतल्या आवाजात, "मागं कपाट दिसतंय. त्येचा आरसा चमकतोय. तू चादर धर."

आयुष्यात दोन माणसांचे हुकूम मी निमूट ऐकले, वडिलांचा आणि दादाचा. कपाटातून पांढरी चादर काढली. त्याआधी त्याच्या डोक्याला फेटा परत मीच बांधला. पहिला पीळ सैल पडला, सोडून परत बांधला. त्याला कपाटाकडं पाठ करून बसवला, पदकं परत सदऱ्याला लावली. त्याची छाती माझ्या बोटांखाली लाकडाच्या फळीसारखी लागली. सुनेनं नाकातली नळी काढली आणि म्हणाली, "दोन मिनिटंच हं, दादा."

मी पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत शिरलो. फट एवढी की पोट आत घ्यावं लागलं. दोन्ही हात वर करून चादर ताणून धरली. माझ्यासमोर नुसतं पांढरं कापड. त्यापलीकडं दादाचं डोकं असल्याची सावली, आणि त्याचा श्वास, शिट्टीसारखा. खुब्यातून कळ निघत होती.

"आबा, डावा कोपरा खाली आलाय," सून पलीकडून म्हणाली.

वर केला.

"दादा, इकडं. थोडी मान वर."

मला काही दिसत नव्हतं. दादा कसा बघतोय, मिशा नीट आहेत का, काही नाही. क्लिकचा आवाज तेवढा आला, तोही मोबाइलचा, खोटा. मग आणखी दोनदा. मग सून म्हणाली, "झालं," आणि दादाचा श्वास नळीला मिळाल्याचं ऐकू आलं. मी चादर खाली घेतली तेव्हा तो डोळे मिटून पडला होता.

फोटो मी नंतर बघितला. चांगला आलाय, यात खोट काढता येत नाही. फेटा, पदकं, मिशा, सगळं एका ठिकाणी.

दादा गावी गेल्यावर सहाव्या दिवशी वारला. मुलाच्या गाडीनं आम्ही गेलो. बाराव्याला सोप्यात तो फोटो होता, मोठा करून, हार घालून. वडिलांच्या शेजारी. लोक येत होते, पाया पडत होते आणि फोटोसमोर थांबत होते.

"कुणी काढला ह्यो? सायब बसल्यात असं वाटतंय," एक म्हातारा म्हणाला.

वहिनी पदर डोळ्याला लावत म्हणाल्या, "भावजींनी. त्येंचा लय मोठा क्यामेरा हाय. ह्येनी मला फोनवर सांगितलं, धाकट्यानं काढलाय, कोट-टाय न्हाई घातला बग."

दादानं त्यांना असं सांगितलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. माझ्या तोंडात शब्द आला होता. सून तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "हो, आबांनीच काढला," आणि पुढच्या माणसाला कप दिला.

म्हातारा माझ्याजवळ सरकला. "आवं, मग माजा बी एक काढा की. फेटा माजा मी आणतो."

मी हातातला कप खाली ठेवला आणि बघू म्हटलं.