उघड्या पाण्यावरची बदकं

आखातात, मुसफ्फाला बाबांच्या कंपनीच्या यार्डामागे एक डबकं होतं. लेबर कॅम्पचं सांडपाणी गाळून तिथे सोडत. हिवाळ्यात त्यावर हिरव्या डोक्याची बदकं उतरायची. मामा पुण्याहून पक्षीमित्रांच्या पत्रकांचे गठ्ठे पाठवायचा, त्यातल्या एकात मी वाचलं होतं: उत्तरेत तळी गोठली की बदकांना तळाचं खाणं मिळत नाही. मग ती उघडं, उथळ, संथ पाणी शोधत खाली येतात. समुद्र जवळच होता, पण खारं, उसळतं पाणी त्यांना नको असायचं. त्यांना हेच डबकं हवं असायचं.

शुक्रवारी बाबा अर्धा दिवस कामावर जात, आम्हीही जायचो. आई शिळ्या पोळ्यांचा कुस्करा न्यायची. शिळं अन्न केरात टाकायचं नाही, मुक्या जिवाला घालायचं, ही तिच्या माहेरची रीत. ती डब्यावर चमचा वाजवायची आणि बदकं थेट तिच्या पायांशी यायची.

त्या वर्षी तिकडे बर्फ जास्त पडलं असावं. डबकं बदकांनी भरून गेलं. कंपनीचे मालक, आमचे शेठ, काठावर येऊन बघत उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही तर पाळलीतच की. आज पाहुणे आणतो, छऱ्याच्या बंदुका आहेत. जवळ आली तरच छरा लागतो, तेव्हा चमचा तुम्हीच वाजवा."

शिकारीला बंदी होती. यार्डाच्या भिंतीआड ती कोण बघणार? कॅम्पातले मजूर रोज डाळ-भात खायचे, त्यांनी एका पिसाला हात लावला नव्हता. मारायला निघाले होते ते पोट भरलेले लोक. बाबा शेठना अडवू शकत नव्हते. आमचे व्हिसा शेठच्या मुठीत होते.

शेठ पाहुण्यांना आणायला गेले.

"मी पत्रक लिहिते. गेटवर लावते," मी म्हणाले.

"लाव. बदकं वाचतील," आई म्हणाली.

आईने ओटीत खडी भरली आणि चमचा वाजवला. बदकं आली. पहिला दगड एका बदकाच्या पाठीत बसला.

"आई, दिस इज क्रुएल!"

"मग तूही मार. लवकर जातील."

बदकं उडाली, एक घिरटी घालून परत तिथेच उतरली. आईने पुन्हा चमचा वाजवला, पुन्हा मारलं. पुन्हा उतरली. मीही मारू लागले. पाणी पिसांनी आणि रक्ताने गढूळ झालं. एका नराचा पंख मोडला. तो गोल गोल फिरत ओरडू लागला, तेव्हा कुठे सगळा थवा उठला आणि समुद्राकडे गेला. आई गुडघाभर पाण्यात उतरली. तिने त्या नराची मान मुरगळली. आयुष्यात अंडंही न फोडलेली बाई.

गाडी आली. पाहुणे बंदुका घेऊन उतरले. शेठ रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले.

"वहिनी, हे काय केलंत?"

"शिकार," आई म्हणाली. हातातलं बदक तिने त्यांच्या बुटांपाशी टाकलं. "खलास."

शेठ बाबांकडे वळले. बाबा आईजवळ जाऊन उभे राहिले, एवढंच.

वारा वाढला होता. भिंतीवर चढून मी पाहिलं. लांब, पांढऱ्या लाटांवर काळे ठिपके वर-खाली होत होते. तिथे त्यांना खायला काही नव्हतं. ती जिवंत होती.