प्रल्हाद मिस्त्रीची डोलणारी फळी

“माहा डोया गेला जी गुरुजी! दुसरा मिस्त्री पाहून घ्या आता.”

“अरे भाई, झालं काय पण?”

“सांजच्याले ही फयी भिताडाले चिपकून बसते, सकायी पाहाव त डोलते. आजचा तिसरा रोज. ज्याचा डोया गेला त्यानं थापी कायले धराव?”

एवढं बोलून प्रल्हाद मिस्त्रीनं हातातली लांब फळी आपटली आणि ढुंढिराज गुरुजींच्या स्वयंपाकघरातच फतकल मारली.

गडी खामगावाकडचा. बावीस वर्षांमागे सासऱ्याच्या अस्थी घेऊन काशीला आला. धर्मशाळेच्या भिंतीला पोट सुटलेलं दिसलं, तर त्याला झोप येईना. सकाळी कुणाला न विचारता ओळंबा लावला. भिंत सरळ झाली तोवर परतीची गाडी निघून गेली होती. मग बायकोलाच इकडे बोलावलं. हिंदी शिकला, पण वऱ्हाडी सोडली नाही. घाटावर नाव चालवणाऱ्या मल्लाहालाही तो “कावून बे?” असंच विचारी, आणि मल्लाह बरोबर उत्तर देई. ओळंबा नुसता गिऱ्हाईकाच्या समाधानाला. स्वतः एक डोळा मिटून बघे आणि भिंत जवाच्या दाण्याएवढी बाहेर असली तरी सांगे. तोच डोळा आता गेला म्हणत होता.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. दूधविनायक मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत तेव्हा पांढऱ्या टाइल येत होत्या. गुरुजींची भिंत जुन्या चपट्या विटांची, कुठं खड्डा, मध्ये पोट. टाइलची जात अशी, की मागं पोकळ राहिलं तर सुटून थेट डाळीत पडते. म्हणून प्रल्हादनं जुना चुना खरवडला, विटांना खाचा पाडल्या, पाणी मारलं आणि पोट जिथं सगळ्यात पुढं आलं होतं तिथं गाऱ्याचा एक गोळा थापला. याला ठिय्या म्हणतात. बाकीचे ठिय्ये या पहिल्याच्या पातळीला आणायचे, फळी न डोलता सगळ्यांना टेकली पाहिजे, आणि मग मधली जागा गिलाव्यानं भरायची. पहिला ओळखू यावा म्हणून त्यानं गेरूचं बोट लावलं. त्याला हात लावायचा नाही, असा त्याचा नेम.

रोज सकाळी फळी डोले आणि रोज तो बाकीचे ठिय्ये थोडे वाढवी.

“स्वयंपाकघर घटत चाललंय का रे?” गुरुजींनी विचारलं होतं.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “डोया गेला त गेला, हत्यारं त घिऊन या.” म्हणून तो उजाडताच गेला. बघतो तर गुरुजींची ऐंशीची बकुळआत्या पंचगंगा घाटावरून नाहून आलेली, ओल्या लुगड्यात, हातात शेंदराची वाटी, आणि पहिल्या ठिय्याला तेलातला शेंदूर थापते आहे.

“आत्याबाई! हे काय करून रायल्या?”

“पूजा. तुझे डोळे गेले म्हणतात ते खरंच की.”

“थो गारा हाये जी!”

“गारा तुमच्या खामगावात. हा विनायक आहे. सोंड बघ, उजवीकडे वळलीय.”

गाऱ्याचा एक ओघळ खरोखरच उजवीकडे वळून वाळला होता. प्रल्हादनं नखानं शेंदूर मोजला. चार सकाळींचे चार थर. गेरूवर शेंदूर, अंधारी खोली, कुणाला कळणार? रोज जेवढा शेंदूर चढे, तेवढीच फळी डोले.

“माहा डोया हाये!” तो असा ओरडला की गुरुजी कानावर जानवं तसंच ठेवून धावत आले.

पण तेलकट शेंदरावर टाइल धरत नाही. प्रल्हादनं छिन्नी उचलली, तशी आत्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“आधी माझ्या टाळक्यात घाल!”

अख्ख्या गल्लीला शास्त्र सांगणारे गुरुजी मोरीकडे बघू लागले. प्रल्हादनं छिन्नी खाली ठेवली.

“आत्याबाई, तुमच्या घरी मातीचा गणपती किती रोज बसते जी?”

“दीड दिवस. कुळाचार आहे. कधी मोडला नाही.”

“गाऱ्यातली वायू-सिमिट मातीच झाली नं? हा त चार रोजापासून बसून हाये.”

आत्यानं बोटं मोजली. चेहरा उतरला.

“अगंबाई! ढुंढ्या, तू बोलला का नाहीस?”

“मला काय ठाऊक...”

“तुला कशाला ठाऊक असेल! पोथ्या वाच. चल, उत्तरपूजा सांग.”

दहीपोह्यांचा नैवेद्य झाला. गुरुजींनी अक्षता टाकून देव हलवला, प्रल्हादनं एका घावात ठिय्या अलगद सोडवला. गुरुजी तो ताम्हनात घेऊन पुढं, आत्या डोळे पुशीत मागं. पंचगंगेच्या पायऱ्यांवर मल्लाहानं विचारलं, “गुरुजी, आज कौन गनेश चौथ है?” गुरुजी ताम्हन घेऊन भराभर पाण्यात उतरले.

दोघं परत आली तोवर प्रल्हादनं त्याच जागी नवा पहिला ठिय्या थापून बाकीचे खरवडून त्याच्या पातळीला आणले होते. गेरूचं नाव नको म्हणून खूण कोळशानं केली होती. आत्याचा हात शेंदराच्या पुडीसाठी कमरेच्या बटव्याकडे गेला.

“हा काळा कोण रे?”

“शनी हाये, आत्याबाई. लय कडक. जवय येऊ नोका.”

आत्या दोन पावलं मागं सरकली. प्रल्हादनं फळी लावली. डोलली नाही. त्यानं एक डोळा मिटून भिंत बघितली आणि थापीभर गारा उचलून भिंतीवर फेकला.