आईचा मेसेज कोणत्या भाषेतला

शंकर नगरातल्या आमच्या ऑफिसात मजकुराची भाषा आपोआप ओळखणारा प्रोग्रॅम तयार होतो. नवा प्रोग्रॅम आला की मी त्याला आधी आईचे मेसेज देते. आईनं घरच्या ग्रुपमध्ये दूधवाल्यालाही घेतलंय, त्यामुळे एकाच मेसेजमध्ये ती सगळ्यांची कामं उरकते. त्या दिवशीचा मेसेज असा होता:

"बेटा, टिफिन मत भूलना. अन तू लवकर ये, मी भरीत करून राहिली. भैया, काली दूध झन लाबे."

पहिलं वाक्य माझ्या मुलीला, दुसरं मला, तिसरं छत्तीसगढीत दूधवाल्याला, उद्या दूध आणू नको म्हणून. प्रोग्रॅमनं बेधडक "हिंदी" म्हणून सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी ब्राह्मणपाऱ्यात घरी आल्यावर तो राग मी आईवरच काढला.

"तीन भाषा एकातच काहून लिवते तू? कॉम्प्युटरले समजत नाही."

आई भाजलेलं वांगं सोलत होती.

"पोट्टीनं टिफिन नेला. तू लवकर आली. दूधवालाही 'हव, नाही आणत' म्हणाला. मी कोणाशी बोलून राहिली, हे पाह्यलं का त्यानं?"

ते पाहायला आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.